स्वभावाचे साचे आणि जर्मन भाषा

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाच्या कानावर दोन गोष्टी कधी ना कधी पडतातच. पहिली म्हणजे जर्मन माणूस वेळेचा पक्का, बोलायला रोखठोक आणि हसायला कंजूष असतो. दुसरी म्हणजे एखाद्या प्रशिक्षणवर्गात प्रश्नावली भरून घेतल्यावर हाती पडणारी चार अक्षरे: तुम्ही ‘आय-एन-टी-जे’ आहात, तुमचे साहेब ‘ई-एस-एफ-पी’ आहेत, म्हणून तुमचे पटत नाही. या दोन समजुतींचा एकमेकींशी संबंध असेल असे सहसा वाटत नाही. परंतु माणसांचे स्वभावप्रकार पाडण्याची जी परिभाषा आज जगभर वापरली जाते तिचा मोठा भाग जर्मन भाषेत घडला, आणि त्याच भाषेच्या व्याकरणामुळे जर्मन माणूस ‘तसा’ होतो, असेही अनेकजण छातीठोकपणे सांगत असतात. यातले पहिले विधान इतिहासाला धरून आहे. दुसरे बहुतांशी चुकीचे आहे, आणि ते मराठी वाचकाला इतरांपेक्षा लवकर उमगावे, कारण ज्या व्याकरणविशेषांच्या जोरावर जर्मन स्वभाव सिद्ध केला जातो त्यांतले बरेचसे आपल्या भाषेतही आहेत.

प्रकार पाडण्याचा उद्योग तसा फार जुना. ग्रीक वैद्यकाने रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांवरून माणसांच्या चार प्रकृती सांगितल्या होत्या, आणि आयुर्वेदातील वात-पित्त-कफ आपल्याला ठाऊकच आहेत. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांनी १७९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मानवशास्त्रविषयक व्याख्यानांत या चार प्रकृतींची चर्चा केली आणि त्याच ग्रंथात निरनिराळ्या राष्ट्रांच्या स्वभावांचीही वर्णने केली. पुढे १८७९ मध्ये लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारणारे विल्हेल्म वुण्ट यांनी या चार कप्प्यांखाली दोन अक्ष दडलेले आहेत असे दाखवले: भावना किती तीव्र असते आणि ती किती वेगाने पालटते. कप्पा की अक्ष, हा वाद तेव्हापासून सुरू आहे आणि अजून मिटलेला नाही.

या विषयात १९२१ हे वर्ष विलक्षण म्हणावे लागेल. त्या एकाच वर्षात जर्मन भाषेत चार ग्रंथ आले. एर्न्स्ट क्रेचमर यांनी शरीराची ठेवण आणि स्वभाव यांची सांगड घातली. एदुआर्द श्प्रांगर यांनी माणसे कोणत्या मूल्यासाठी जगतात यावरून सहा जीवनप्रकार सांगणाऱ्या आपल्या ग्रंथाची नवी, वाढवलेली आवृत्ती काढली. हेर्मान रोर्शाख यांनी शाईच्या डागांवरून व्यक्तिमत्त्व वाचण्याची आपली पद्धत मांडली. आणि कार्ल गुस्ताव युंग यांचे ‘प्सुखोलोगिशे ट्युपेन’, म्हणजे मानसशास्त्रीय प्रकारांवरील पुस्तक, झ्युरिकमध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी रोर्शाख आणि युंग हे दोघे जर्मन नव्हेत, तर जर्मन भाषा लिहिणारे स्विस नागरिक होते, हे नीट लक्षात ठेवावे. जर्मन भाषा आणि जर्मनी हा देश यांच्या सीमा एक नाहीत, आणि ‘जर्मन स्वभाव’ याविषयीचा निम्मा गोंधळ या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे होतो.

युंग यांचा मूळ प्रश्न रंजक होता. फ्रॉइड आणि आडलर हे दोघेही मनाच्या आजारांवर उपचार करणारे, व्हिएन्नात काम करणारे वैद्य. एकच रुग्ण दोघांसमोर ठेवला तर दोघे दोन वेगळी स्पष्टीकरणे देणार, आणि दोन्ही पटण्याजोगी असणार, हे कसे? फ्रॉइड यांचा सिद्धांत व्यक्तीचे बाहेरच्या माणसांशी आणि वस्तूंशी असलेले नाते पाहतो, तर आडलर यांचा सिद्धांत आतल्या ‘मी’ची वरचढ होण्याची धडपड पाहतो. तेव्हा हा फरक रुग्णात नसून सिद्धांत मांडणाऱ्याच्या स्वतःच्या ठेवणीत असावा, असा युंग यांचा निष्कर्ष होता. १९१३ मध्ये म्युनिक येथील मनोविश्लेषकांच्या परिषदेत त्यांनी मनाच्या ओघाच्या या दोन दिशा प्रथम मांडल्या, ज्यांना आपण आज बहिर्मुखता आणि अंतर्मुखता म्हणतो. नंतर त्यांनी मनाची चार कार्ये सांगितली: विचार, भाव, संवेदन आणि अंतर्ज्ञान. दोन दिशा आणि चार कार्ये मिळून आठ प्रकार होतात. प्रशिक्षणवर्गातल्या चार अक्षरांमधून निघणारे सोळा प्रकार युंग यांचे नव्हेत.

सोळाचा आकडा अमेरिकेत तयार झाला. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींपैकी कोणीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. युंग यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९२३ मध्ये आला, तो त्यांनी वाचला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यावरून प्रश्नावली रचायला घेतली आणि दिशांची एक व कार्यांच्या दोन अशा युंग यांच्या तीन जोड्यांत अक्षरांची चौथी जोडी पदरची घातली. या प्रवासात एक महत्त्वाची गोष्ट सांडली. युंग यांच्या मते ‘भाव’ हे कार्य विचाराइतकेच विवेकी आहे. एखादी गोष्ट मोलाची की कवडीमोल, आपलीशी की परकी, हे ठरवणे हे त्याचे काम. रागाने लाल होणे किंवा डोळ्यांत पाणी येणे याला ते वेगळाच शब्द वापरत. रोजच्या जर्मन बोलण्यात भाव आणि संवेदन यांसाठीचे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, म्हणून युंग यांना व्याख्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घालावे लागले होते. आज प्रशिक्षणवर्गात ज्याच्या वाट्याला ‘एफ’ (‘फीलिंग’, म्हणजे भाव) हे अक्षर येते त्याला ‘तुम्ही जरा भावनाप्रधान आहात’ असे सांगून मोकळे होतात. ते युंग यांच्या पुस्तकात कुठेही नाही. खुद्द युंग यांनी १९३४ मध्ये एका परदेशी आवृत्तीच्या प्रस्तावनेत माणसांवर अशी लेबले चिकटवण्याला पोरखेळ ठरवले होते, पण तो सल्ला कोणी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

पोरखेळ म्हणून सोडून देता आले असते तर बरे झाले असते. जर्मनीत १९३३ नंतर हा खेळ जीवघेणा झाला. मारबुर्ग विद्यापीठातील एरिख येन्श यांनी आपल्या जुन्या प्रकारविद्येला वंशवादाचा साज चढवला आणि १९३८ मध्ये ‘विरुद्ध प्रकार’ या नावाखाली ज्यूंना आणि उदारमतवाद्यांना अस्थिर, विघटित मनाची माणसे ठरवून टाकले. युंग हेही या काळातून निष्कलंक बाहेर पडले नाहीत. क्रेचमर यांनी १९३३ मध्ये जर्मनीतील मानसोपचार वैद्यकांच्या संस्थेचे अध्यक्षपद सोडले तेव्हा ते युंग यांनी स्वीकारले, आणि पुढच्याच वर्षी ज्यू आणि ‘आर्य’ मानस वेगवेगळे असल्याचे लिहिले. याउलट विल्यम स्टर्न यांच्याकडे पाहावे. व्यक्तिभेदांचे शास्त्र ज्यांनी जर्मनीत पायाशुद्ध केले आणि बुद्ध्यंकाची कल्पना ज्यांनी मांडली, ते स्टर्न प्रत्येक व्यक्तीचे एकमेवपण प्रकाराच्या वर ठेवत असत. ते ज्यू होते म्हणून हाम्बुर्ग विद्यापीठातून त्यांना काढून टाकण्यात आले आणि १९३८ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. प्रकार पाडणे हे निरुपद्रवी काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास एकदा तरी वाचावा.

मानसशास्त्राने नंतर कप्पे बाजूला ठेवले आणि अक्ष स्वीकारले. याचे कारण अगदी साधे आहे. बहिर्मुखता मोजली तर बहुतेक माणसे मधल्या भागात दाटीने सापडतात, दोन टोकांना थोडीच असतात. अशा ढिगाच्या बरोबर मध्यावर रेघ मारून ‘इकडचे’ आणि ‘तिकडचे’ केले की रेघेच्या अल्याड-पल्याड उभी असलेली, जवळजवळ सारखीच माणसे दोन वेगळ्या जातींची ठरतात. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की अनेकांचे एखादे तरी अक्षर बदलते. बहिर्मुखतेला असा मोजता येणारा अक्ष बनवण्यात हान्स आयझेंक यांचा वाटा मोठा आहे. ते १९१६ मध्ये बर्लिनमध्ये जन्मले, हिटलर सत्तेवर आल्यानंतर तरुणपणीच देश सोडून गेले आणि त्यांनी आपले सगळे काम लंडनमध्ये, इंग्रजीत केले.

अक्ष किती घ्यायचे, हे ठरवण्यासाठी शब्दकोशांची मदत झाली. स्वभावातले जे भेद रोजच्या व्यवहारात महत्त्वाचे ठरतात त्यांच्यासाठी भाषेत शब्द तयार होतातच, तेव्हा शब्दकोशातून स्वभावदर्शक शब्द वेचावेत आणि कोणते शब्द एकत्र चालतात ते पाहावे, असा हा विचार. फ्रान्झिस्का बाउमगार्टन यांनी १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शब्दांची अशी यादी प्रसिद्ध केली. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजीतले सुमारे १८,००० शब्द गोळा केले. अनेक दशकांनी जर्मनीतील बीलेफेल्ड येथे आलोइस आंगलाइटनर, फ्रिट्झ ओस्टेनडोर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मन शब्दकोश नव्याने चाळला, तेव्हा इंग्रजीत सापडलेले पाच अक्षच थोड्याफार फरकाने जर्मनमध्येही निघाले: बहिर्मुखता, सलोख्याची वृत्ती, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि नव्याविषयीचा मोकळेपणा. जर्मन भाषकांसाठी वेगळा असा सहावा, खास ‘जर्मन’ अक्ष काही सापडला नाही.

आता व्याकरणाकडे वळू. जर्मन माणूस समोरच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतो, कारण जर्मनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ते येईपर्यंत अर्थच लागत नाही, असे एक लाडके स्पष्टीकरण आहे. वस्तुस्थिती अशी की जर्मनच्या मुख्य वाक्यात कर्त्यानुसार रूप बदलणारे क्रियापद दुसऱ्या स्थानी असते आणि केवळ गौण वाक्यात ते शेवटी ढकलले जाते. मराठीत मात्र ते एरवी सगळ्याच वाक्यांच्या शेवटी बसते. क्रियापदाच्या जागेमुळे माणसे संयमी श्रोते होत असती, तर आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा ध्यानमंदिरासारख्या शांततेत पार पडायला हव्या होत्या. तीन लिंगांमुळे जर्मन डोके काटेकोर होते म्हणावे, तर तीन लिंगे मराठीतही आहेत. लांबलचक सामासिक शब्दांतून तांत्रिक बुद्धी येते म्हणावे, तर समासांची परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे हे सांगायला नकोच. दोन्ही भाषांत असलेल्या गोष्टीने एकाच समाजाचा स्वभाव समजावून सांगता येत नाही.

याचा अर्थ भाषेचा मनावर काहीच परिणाम होत नाही, असा मात्र नव्हे. २०१५ मध्ये पानोस अथानासोपुलोस आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. एखादी बाई मोटारीच्या दिशेने चालते आहे, अशा तऱ्हेच्या छोट्या चित्रफिती लोकांना दाखवण्यात आल्या आणि कोणत्या दोन चित्रफिती एकसारख्या वाटतात असे विचारण्यात आले. इंग्रजी बोलणाऱ्यांचे लक्ष चालण्याच्या क्रियेकडे अधिक होते, तर जर्मन बोलणाऱ्यांचे लक्ष ती जाणार कुठे याकडे, म्हणजे गंतव्याकडे, अधिक होते. प्रमाण जर्मनमध्ये ‘चालत आहे’ यासारखे चालू काळाचे रूढ रूप नाही, हे त्याचे संभाव्य कारण. (राईन नदीच्या काठच्या बोलण्यात तसा प्रयोग सर्रास होतो, हे जाता जाता सांगायला हवे.) दोन्ही भाषा येणाऱ्यांचा कल तर ते त्या क्षणी कोणत्या भाषेत वावरत आहेत यानुसार सरकत होता. परिणाम खरा आहे, पण तो लक्ष कुठे जाते यापुरता आहे. तेवढ्यावरून जर्मन माणूस ध्येयवेडा असतो, अशी झेप घेता येत नाही.

जर्मन माणूस रूक्ष वाटण्याचे एक कारण मात्र भाषेतच सापडते, आणि ते व्याकरणाच्या पुस्तकांत सहसा कोपऱ्यात ढकललेले असते. जर्मन बोलण्यात ‘डॉख’, ‘माल’, ‘या’, ‘हाल्ट’, ‘एबन’ असे चिमुकले शब्द सतत पेरलेले असतात. ‘माख डी ट्यूर त्सू’ म्हणजे ‘दार लाव’. ‘माख डॉख माल डी ट्यूर त्सू’ म्हणजे ‘दार लाव ना जरा’. अर्थ तोच, पण हुकमाची विनंती झाली. आपण ‘ना’, ‘की’, ‘बरं’, ‘जरा’, ‘हं’ यांच्याकडून नेमके हेच काम करून घेतो. ‘तू ये’ आणि ‘तू ये की’ यांत किती अंतर आहे हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीत अशा शब्दांचा साठा अगदी तुटपुंजा आहे. तिथे मार्दव येते ते ‘शक्य होईल का’, ‘हरकत नसेल तर’ अशा लांब वळणांमधून. जर्मन अभियंता इंग्रजीत बोलू लागला की त्याचे स्वतःचे चिमुकले शब्द गळून पडतात, इंग्रजी वळणे अंगवळणी पडलेली नसतात, आणि जे उरते ते नुसते ‘दार लाव’. चाकणच्या कारखान्यातल्या एखाद्या बैठकीत समोर बसलेला मराठी सहकारी ते आपल्या इंग्रजीतून ऐकतो आणि मनात नोंद करतो, की माणूस उद्धट आहे. हाम्बुर्ग येथील भाषावैज्ञानिक युलियाने हाउस यांनी जर्मन आणि इंग्रजी संभाषणांची तुलना करून दाखवले आहे, की जर्मन बोलणे अधिक थेट, विषयाला धरून असलेले आणि औपचारिक गोडव्याची कमी पखरण असलेले असते. हा संभाषणाचा शिरस्ता आहे. त्याच्यावरून मनाचा प्रकार ठरवायला गेलो तर स्वित्झर्लंडमध्ये आपली पंचाईत होते: हॉटेलात बसून ‘मला एक बिअर मिळते’ अशा अर्थाने पेय मागवणारा जर्मन पाहुणा झ्युरिकच्या माणसाला आगाऊ वाटतो, कारण तिथे ‘मला एक बिअर आवडली असती’ अशा वळणानेच मागण्याची रीत आहे. लिखित भाषा एक, व्याकरण जवळपास तेच, आणि तरी दोन रीती.

संबोधनाचेही तसेच. जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’ हे साधारणपणे आपले ‘तू’ आणि ‘तुम्ही’. ‘झी’वरून ‘डू’वर यायचे तर त्याचा प्रस्ताव वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या व्यक्तीने मांडायचा असतो, आणि एकदा ‘डू’ झाले की सहसा माघारी जाता येत नाही. अलीकडे बऱ्याच कंपन्यांत सरसकट ‘डू’ चालते, तरी बँकेत, दवाखान्यात किंवा सरकारी कचेरीत ‘झी’च अपेक्षित असते. आपल्याकडे मुले आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’ म्हणत वाढली, त्यामुळे जवळीक आणि आदर यांचा हा हिशेब आपल्याला परका नाही. बर्लिनमध्ये काम केलेले आणि १९३३ मध्ये अमेरिकेला गेलेले कुर्ट लेविन यांनी १९३६ मध्ये दोन समाजांची तुलना करताना व्यक्तिमत्त्वाचे एकात एक थर कल्पिले होते. त्यांच्या मते अमेरिकन माणसाचे बाहेरचे अनेक थर सहज उघडतात आणि अगदी आतला गाभा बंद राहतो. जर्मन माणसाचा बाहेरचा थरच कठीण असतो, पण तो एकदा ओलांडला की आत फारसे अडथळे नसतात. आपण कोकणी माणसाचे वर्णन करताना फणसाचा दाखला देतो तो याच अर्थाने. लेविन यांचा मुद्दा मला आजही उपयोगी वाटतो, कारण तो माणूस कोणत्या प्रकारचा आहे हे न विचारता, त्या समाजात अनोळखी माणसाला कुठपर्यंत येऊ देण्याचा संकेत आहे, असे विचारतो.

राष्ट्रीय स्वभावाच्या कल्पना मोजून तपासण्याचा एक मोठा प्रयत्न २००५ मध्ये आंतोनिओ तेराचानो, रॉबर्ट मक्रे आणि त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. ४९ संस्कृतींमधील सुमारे चार हजार लोकांना, आपल्या देशातला नमुनेदार माणूस कसा असतो, असे विचारण्यात आले, आणि ती वर्णने त्या त्या समाजातील प्रत्यक्ष व्यक्तींच्या मोजमापांशी ताडून पाहण्यात आली. लोकांचे आपापसांत चांगले एकमत होते. फक्त ते एकमत वास्तवाशी जुळत नव्हते. यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. माणूस स्वतःला गुण देताना आजूबाजूच्यांशी तुलना करतो. काटेकोर शेजाऱ्यांमध्ये राहणारा माणूस स्वतःला गबाळा म्हणवून घेईल, तोच दुसऱ्या गावी गेला तर व्यवस्थित ठरेल. म्हणजे स्वतःच भरलेल्या प्रश्नावल्यांची सरासरी दोन देशांत ताडताना सावध राहायला हवे. पण मग प्रश्नावली सोडून वर्तन पाहावे म्हटले तरी साचा टिकतोच असे नाही. जर्मन वक्तशीरपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी २०२४ चा रेल्वेचा आकडा पाहावा: त्या वर्षी जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी केवळ ६२.५ टक्के गाड्या वेळेवर पोहोचल्या, आणि तेही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झाल्यास गाडी वेळेवरच धरायची, असा हिशेब मांडून.

नीटनेटकेपणाचे म्हणाल तर श्टुटगार्टकडची ‘केअरवोखं’ ही प्रथा पाहण्यासारखी आहे. इमारतीतले भाडेकरू आठवड्याच्या पाळीने जिना, दारासमोरची जागा आणि हिवाळ्यात बर्फ साफ करतात. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर एक छोटी पाटी अडकवली जाते आणि आठवडा संपला की ती शेजारच्या दारावर जाते. जिना लखलखीत दिसतो खरा, परंतु त्यामागे शतकांपूर्वीचे नगरनियम, भाडेकरारातले कलम आणि शेजाऱ्यांची नजर आहे. तिथे राहायला आलेला इटालियन किंवा मराठी माणूसही काही महिन्यांत तेवढ्याच निष्ठेने पायऱ्या पुसू लागतो, आणि त्यासाठी त्याला स्वभाव बदलावा लागत नाही. त्याच देशात राईनकाठच्या कोलोनमध्ये कार्निव्हलच्या दिवसांत जे चालते ते पाहिले, तर ‘हसायला कंजूष’ हे वर्णन कोणाचे म्हणून विचारावे असा प्रश्न पडतो.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये हेच श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्यासंबंधी करार केला, त्यामुळे परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री अशा कामांसाठी तिकडे जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हा विषय आता पुस्तकी राहिलेला नाही. तिकडचे लोक कोणत्या प्रकारचे असतात याची चौकशी करण्यापेक्षा ‘डॉख’ आणि ‘माल’ कुठे पेरायचे हे कानाने टिपणे अधिक लाभाचे ठरेल. वर्गात शिकलेले प्रमाण जर्मन तिथे गेल्यावर स्वाबियन बोलीशी गाठ पडून थोडे दिवस लंगडते, विशेषतः वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या बाबतीत, कारण ऐंशी वर्षांच्या आजी काही पाठ्यपुस्तकातले जर्मन बोलत नाहीत. आणि त्या आजींना, त्या स्वतःहून सांगेपर्यंत, ‘झी’च म्हणायचे असते.